हुकूमशहाला मतपेटी कशाला हवी?

19 डिसेंबर 1984 रोजी पाकिस्तानातल्या मतदारांपुढे एक प्रश्न ठेवण्यात आला. प्रश्न कसला, ते एक लांबलचक, दमछाक करणारं वाक्य होतं. देशाचे कायदे इस्लामच्या शिकवणुकीशी जुळते करण्याची जी प्रक्रिया जनरल झिया-उल-हक यांनी सुरू केली आहे तिला, पाकिस्तानच्या मूळ विचारसरणीच्या रक्षणाला आणि लोकनियुक्त प्रतिनिधींकडे सुरळीतपणे सत्ता सोपवण्याला तुमचा पाठिंबा आहे का, असा त्याचा आशय. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. बहुसंख्य मुसलमान असलेल्या देशात याला 'नाही' म्हणायला कोण धजावणार? खरी मेख पुढेच होती. 'हो'ची सरशी झाली, तर झिया पुढच्या पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले असं धरलं जाणार होतं. विरोधी आघाडीने बहिष्कार टाकला. सरकारने मात्र सुमारे 62 टक्के मतदान झाल्याचं आणि त्यातल्या 97 टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिल्याचं जाहीर केलं. झियांकडे त्या वेळी कशाची कमतरता होती? लष्कर त्यांचं, देशात लष्करी कायदा, राजकीय पक्ष बंदीखाली, भुट्टोंना फाशी देऊन साडेपाच वर्षं उलटलेली, अफगाण युद्धामुळे अमेरिकेचा वरदहस्त डोक्यावर. इतकं सगळं मुठीत असलेल्या माणसाला हा मतपत्रिकांचा खटाटोप का करावासा वाटला, या प्रश्नाभोवती हे पुस्तक उभं आहे.

सोपं उत्तर तयारच असतं: जगाला दाखवायला. मदत देणारे देश विचारतात, संयुक्त राष्ट्रांत भाषण ठोकायचं असतं, म्हणून लोकशाहीचा देखावा उभा करायचा. या उत्तरात तथ्य आहे, पण ते फार लांब नेत नाही. निव्वळ देखावाच हवा असता तर झिया सार्वमतावर थांबले असते. त्यांनी फेब्रुवारी 1985 मध्ये पक्षांना वगळून सार्वत्रिक निवडणुका घेतल्या, आणि इतकी चाळणी लावून आलेल्या त्या सभागृहाने सभापतीच्या निवडीतच झियांच्या उमेदवाराला पाडून फक्र इमाम यांना निवडलं. झियांनीच नेमलेले पंतप्रधान मोहम्मद खान जुनेजो लष्करी कायदा उठवण्याचा आग्रह धरू लागले. तो डिसेंबर 1985 मध्ये उठला खरा, पण त्याआधी आठवी घटनादुरुस्ती पदरात पाडून घेऊन सभागृह बरखास्त करण्याचा अधिकार झियांनी स्वतःकडे ठेवला, आणि मे 1988 मध्ये तो वापरून जुनेजोंना घरी पाठवलं. शोभेची वस्तू मालकाला असा ताप देत नाही. या संस्था काही खरं काम करत होत्या म्हणून झियांना त्या हव्या होत्या, आणि खरं काम करत होत्या म्हणूनच त्या हाताबाहेर जाऊ लागल्या. या ग्रंथाचं म्हणणं थोडक्यात हेच आहे. निवडणूक, कायदेमंडळ, पक्ष, न्यायालय या संस्था हुकूमशहाच्या राज्यात जितक्या खऱ्या असतात तितक्याच त्याच्या कामाच्या असतात, आणि तितक्याच धोक्याच्या. खरेपणाचं हे माप किती ठेवायचं याची सततची घासाघीस हेच अशा राजवटींचं राजकारण.

ही कला आजची नाही. लुई नेपोलियनने 2 डिसेंबर 1851 रोजी फ्रान्सची विधानसभा मोडीत काढली आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच कृत्यावर जनतेचा कौल घेतला. सुमारे 74 लाख लोकांनी होकार भरला, साडेसहा लाखांच्या आसपास लोकांनी नकार. गंमत अशी की मोडीत निघालेल्या विधानसभेने आदल्याच वर्षी मतदानाचा हक्क आकसून टाकला होता, आणि सर्व प्रौढ पुरुषांना तो परत मिळवून दिला तो या सत्ता बळकावणाऱ्या माणसाने. विसाव्या शतकात हे तंत्र सर्वदूर पसरलं. स्टालिनची 1936 ची राज्यघटना कागदावर हक्कांनी ओसंडून वाहत होती. तिच्याखालची पहिली निवडणूक झाली ती 1937 च्या डिसेंबरात, धरपकडीचा कहर चालू असताना, एका जागेला एक उमेदवार या हिशेबाने. इंडोनेशियात सुहार्तोंनी 1973 मध्ये सगळ्या विरोधी पक्षांना दोन पक्षांत कोंबलं आणि 1971 ते 1997 या काळात सहा निवडणुका घेतल्या; दर वेळी त्यांच्या गोल्कारला साठ टक्क्यांहून अधिक मतं. मार्च 1998 मध्ये ते सातव्यांदा राष्ट्राध्यक्ष म्हणून एकमताने निवडले गेले आणि 21 मे रोजी त्यांना पायउतार व्हावं लागलं.

पूर्व जर्मनीचं मतदान केंद्र जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तिथल्या संसदेत एक सोडून पाच पक्ष होते. ख्रिश्चन डेमोक्रॅट होते, लिबरल होते, शेतकऱ्यांचाही पक्ष होता. पण उमेदवारांची यादी सगळ्यांची मिळून एकच, आणि कोणाला किती जागा हे आधीच ठरलेलं. मतदाराने मतपत्रिका घ्यायची, तिची घडी घालायची आणि पेटीत टाकायची. खूण करायचं कामच नव्हतं. ज्याला नावं खोडायची असतील त्याच्यासाठी कोपऱ्यात आडोसा असे, पण तिकडे वळणारं पाऊल टेबलामागे बसलेल्या सगळ्यांना दिसत असे. लोक मतदानाला जाण्याला 'घडी घालायला जाणं' म्हणत. गुप्त मतदानाची सोय होती, फक्त ती वापरणारा माणूस उघडा पडत होता. या निवडणुकीतून सरकारला मतं मोजायची नव्हतीच. कोण येतं, कोण येत नाही, कोण आडोशाकडे वळतं, याची दर काही वर्षांनी हजेरी घ्यायची होती.

या विषयाचा अभ्यास मात्र उशिरा सुरू झाला. कारण उघड आहे: ज्या निवडणुकीचा निकाल ठाऊक आहे तिचा अभ्यास करण्यात कोण वेळ घालवणार? फ्रँकोच्या स्पेनवर लिहिताना हुआन लिंझ यांनी 1964 मध्ये सर्वंकष हुकूमशाही आणि लोकशाही यांच्या मध्ये एक तिसरा, मर्यादित बहुविधतेचा प्रकार असतो असं दाखवलं, तिथून पाया घातला गेला. 1978 मध्ये 'निवड नसलेल्या निवडणुका' या विषयावर एर्मे, रोझ आणि रुकिए यांनी संपादित केलेला ग्रंथ आला. पुढे बर्लिनची भिंत पडली आणि या धाग्याकडे जवळजवळ दशकभर दुर्लक्ष झालं. जिथे निवडणूक तिथे लोकशाहीची वाटचाल, रस्ता थोडा खडबडीत इतकंच, असा त्या काळाचा भाबडा विश्वास होता. त्याला पहिला मोठा धक्का दिला तो मुंबईत जन्मलेल्या फरीद झकेरिया यांच्या 1997 च्या लेखाने. निवडून येणं वेगळं आणि हक्कांची, कायद्याची चाड ठेवून राज्य करणं वेगळं, हे त्यांनी ठसवलं. 2002 मध्ये थॉमस कॅरदर्स यांनी 'संक्रमण' ही कल्पनाच मोडीत काढायला सांगितलं. हे देश कुठे निघालेले नाहीत, जिथे आहेत तिथेच मुक्काम ठोकून आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी स्टीव्हन लेवित्स्की आणि ल्यूकन वे यांनी 'स्पर्धात्मक हुकूमशाही' ही संज्ञा मांडली आणि आंद्रेआस शेडलर यांनी निवडणूक बिघडवण्याच्या नाना तऱ्हांची एक यादीच दिली. तिथून पुढे या अभ्यासाने बाळसं धरलं.

नव्या वाचकाने या क्षेत्रातले तीन-चार प्रवाह ओळखून ठेवावेत. पहिला संस्थावाद्यांचा. जेनिफर गांधी, बेआत्रिस मागालोनी, मिलान स्वोलिक ही त्यातली ठळक नावं. हुकूमशहाला नेमकी अडचण काय असते, आणि कोणती संस्था ती कशी सोडवते, हा त्यांचा प्रश्न. स्वोलिक यांनी 1946 ते 2008 या काळात घटनाबाह्य मार्गाने सत्ता गमावलेल्या 303 हुकूमशहांचा हिशेब मांडला. त्यातल्या 205 जणांना आतल्याच माणसांनी उठाव करून घालवलं, जनतेच्या उठावाने गेले ते जेमतेम 32. म्हणजे रस्त्यावरच्या गर्दीपेक्षा जेवणाच्या टेबलाभोवतीची माणसं जास्त घातक. दुसरा प्रवाह इतिहासाकडे पाहणारा. राजवट जन्माला कशी आली, क्रांतीतून, युद्धातून की वाटाघाटीतून, यावर तिचा चिवटपणा ठरतो, असं हे लोक म्हणतात. तिसरा कायद्याच्या अभ्यासकांचा. किम लेन शेपेली, टॉम गिन्सबर्ग, तामिर मुस्तफा वगैरे मंडळी घटनादुरुस्ती आणि न्यायालयं यांच्याकडे बारकाईने पाहतात. अलीकडचा चौथा प्रवाह माहितीवर भर देतो. सर्गेई गुरिएव आणि डॅनियल ट्राइझमन यांच्या मते आजचा हुकूमशहा भीती घालण्यापेक्षा बातम्या वळवून राज्य करतो. हे शेवटचं मत आकर्षक आहे, पण 2022 नंतरच्या रशियाकडे पाहता मला ते अर्धंच पटतं. बातम्या वळवून भागेनासं झालं की तुरुंग पुन्हा भरू लागतात.

मेक्सिको हे या विषयाचं आद्य उदाहरण, आणि त्याच्यावर थोडं रेंगाळायला हवं. 1929 मध्ये प्लुतार्को एलियास कायेस यांनी क्रांतीतून उरलेल्या सेनापतींना आणि प्रांतोप्रांतीच्या सरदारांना एका पक्षात बांधलं. हाच पक्ष दोनदा नाव बदलून 'पीआरआय' झाला आणि 2000 पर्यंत, म्हणजे 71 वर्षं, सत्तेवर राहिला. त्याची युक्ती साधी होती. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षं, त्यानंतर पुन्हा कधीच नाही. मावळता राष्ट्राध्यक्ष बोट दाखवील तो पुढचा. ज्याच्याकडे बोट वळलं नाही त्यानेही बंड करायचं नाही, कारण सहा वर्षांनी पत्ते पुन्हा पिसले जाणार होते, आणि तोवर राज्यपालपद, खासदारकी, एखादं महामंडळ पदरात पडणारच होतं. लातिन अमेरिकेतल्या शेजाऱ्यांकडे लष्कर पुन्हा पुन्हा उठत असताना 1934 नंतरचा प्रत्येक मेक्सिकन राष्ट्राध्यक्ष आपली मुदत पुरी करून घरी गेला. कामगार, शेतकरी आणि शहरी मध्यमवर्ग यांच्या तीन संघटना पक्षातच गुंफलेल्या होत्या. सरकारी खिरापत त्यांच्यामार्फत वाटली जाई आणि मतंही त्यांच्यामार्फतच गोळा होत. मागालोनी यांचा प्रश्न असा होता की जिंकणार हे नक्की असताना हा पक्ष इतका आटापिटा करून प्रचंड फरकाने का जिंकू पाहत होता. त्यांचं उत्तर फार मार्मिक आहे. तो फरक मतदारांसाठी नव्हता; फुटण्याचा विचार मनात घोळवणाऱ्या स्वकीयांसाठी होता. बाहेर पडाल तर तुमच्या मागे कोणी येणार नाही, हे त्यांना दर सहा वर्षांनी आकड्यांत दाखवायचं होतं.

आणि तरीही जिंकणं फार झालं की पंचाईत होते. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी मतपत्रिकेवर लोपेस पोर्तियो हे एकच नाव होतं. विरोधी पक्षाला आपसांत उमेदवार ठरवता आला नव्हता. प्रतिस्पर्धीच नसलेल्या विजयातून कसलाच संदेश जात नाही. म्हणून पुढच्याच वर्षी सरकारने स्वतःहून कायदा बदलला आणि चारशे जागांपैकी शंभर जागा प्रमाणशीर पद्धतीने विरोधकांच्या वाट्याला येतील अशी सोय करून दिली. हुकूमशाही पक्ष विरोधकांना संसदेत आणून बसवतो, याचं दुसरं कोणतंही स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही: खेळ चालू ठेवायला समोर कोणीतरी हवं असतं. पण एकदा बसवलेली माणसं बसून राहत नाहीत. 1988 मध्ये पक्षातून फुटून निघालेले क्वाउतेमोक कार्देनास इतके पुढे गेले की मतमोजणीच्या रात्री संगणक यंत्रणाच 'कोसळली', आणि ती परत उभी राहिली तेव्हा पक्षाचे उमेदवार सालिनास पन्नास टक्क्यांच्या किंचित वर होते. लोकांचा विश्वास सावरण्यासाठी 1990 मध्ये नवी निवडणूक संस्था आली, 1996 मध्ये ती खऱ्या अर्थाने स्वायत्त झाली, 1997 मध्ये पक्षाने प्रतिनिधीगृहातलं बहुमत गमावलं आणि 2000 मध्ये राष्ट्राध्यक्षपद. प्रत्येक सवलत राजवट टिकवण्यासाठीच दिली होती.

कायदेमंडळाचं काम वेगळ्या तऱ्हेचं. चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने मार्च 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीवरची मर्यादा उठवली ती 2958 विरुद्ध 2 मतांनी. या आकड्याला हसून मोकळं होणं सोपं आहे. पण रॉरी ट्रुएक्स यांच्यासारख्यांनी त्याच सभेतल्या प्रतिनिधींच्या सूचना तपासल्या तेव्हा दिसलं की रस्ते, शाळा, प्रदूषण, शेतमाल यांसारख्या प्रश्नांवर ते आपल्या भागाची गाऱ्हाणी बऱ्यापैकी इमानाने मांडतात. राजकीय हक्कांचा विषय निघाला की मात्र तोंडाला कुलूप. हुकूमशहाला घाबरलेली प्रजा खरं सांगत नाही, ही त्याची जुनी व्यथा. सत्तेला हात न लावता तक्रार करण्याची एक खिडकी उघडी ठेवली तर निदान कुठे काय पेटतं आहे हे कळतं. चीनमधल्या इंटरनेट नियंत्रणावरचा गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांचा 2013 चा अभ्यासही हेच सुचवतो. अधिकाऱ्यांवरची टीका बऱ्याचदा राहू दिली जाते, पण लोकांना एकत्र जमवू शकेल असा मजकूर झपाट्याने काढला जातो.

न्यायालयं आणि निवडणुकीचे नियम यांचं काम सर्वांत कमी आवाजाचं. इजिप्तमध्ये 1979 मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालय उभं राहिलं ते परदेशी भांडवलाला मालमत्तेची हमी हवी होती म्हणून. मुस्तफा यांनी दाखवलं की त्याच न्यायालयाने पुढे निवडणूक कायदे रद्द ठरवून संसद बरखास्त करायला लावली. सिंगापूरने 1988 मध्ये अनेक जागांचे एकत्रित मतदारसंघ आणले. अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व मिळावं हा त्यामागचा जाहीर हेतू, आणि तो खोटा म्हणता येत नाही. पण अशा मतदारसंघात अख्खी यादी जिंकते किंवा अख्खी पडते, आणि तुटपुंज्या विरोधी पक्षाला पाच-सहा तोलामोलाची माणसं एका ठिकाणी उभी करणं जड जातं. असा मतदारसंघ विरोधकांनी प्रथम जिंकला तो 2011 मध्ये. 2020 मध्ये सत्ताधारी पक्षाला सुमारे 61 टक्के मतं मिळाली आणि 93 पैकी 83 जागा. मतमोजणीत एकाही मताची लबाडी झाल्याचा आरोप तिथे कोणी गांभीर्याने करत नाही. नियम सगळ्यांना सारखेच असतात आणि भार एकाच बाजूवर पडतो.

या सगळ्या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. थॉमस पेपिन्स्की यांनी तो नेमकेपणाने मांडला आहे: संस्था टिकवून धरतात असं तुम्ही म्हणता, पण मुळात ज्याचं बळ पुरेसं आहे तोच अशा संस्था उभारतो, मग श्रेय संस्थेचं की बळाचं? चिलीचं उदाहरण याला उत्तर देतं असं मला वाटतं. 1973 च्या उठावानंतर पिनोशे एकटे राज्य करत नव्हते. भूदल, नौदल, हवाईदल आणि पोलीस अशा चार प्रमुखांचं ते मंडळ होतं, आणि कायदे करायला चौघांचं एकमत लागे. 1980 ची राज्यघटना जनतेवर लादली गेली हे खरंच, पण रॉबर्ट बॅरोस यांनी तिचा जो मागोवा घेतला आहे त्यात दिसतं की तिचा एक उपयोग या चौघांनी एकमेकांना बांधून घेण्यासाठी होता. त्या घटनेत 1988 मध्ये पिनोशेंच्या मुदतवाढीवर सार्वमत घ्यायचं कलम होतं. 1985 मध्ये राजवटीनेच नेमलेल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने निकाल दिला की हे सार्वमत स्वतंत्र निवडणूक न्यायाधिकरणाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. मग मतदारयाद्या आल्या, विरोधकांना टीव्हीवर रोज रात्री पंधरा मिनिटं आली, मतांची समांतर मोजणी करायला त्यांची माणसं केंद्राकेंद्रांवर बसली. 5 ऑक्टोबर 1988 च्या रात्री निकाल लांबवण्याची चुळबुळ सुरू झाली, तेव्हा हवाईदलाचे प्रमुख फर्नांदो मातेई राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरता शिरता पत्रकारांना सांगून गेले की 'नाही' जिंकलं आहे. पिनोशेंसाठी हे हात दाखवून अवलक्षण होतं. सैन्याचं बळ आदल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच त्या रात्रीही होतं. पण ते कोणाच्या आज्ञेवर चालायचं हे त्या कागदाने ठरवलं. पूर्व जर्मनीतही मे 1989 च्या स्थानिक निवडणुकांत काही नागरिक मतमोजणीला जाऊन बसले, कारण कायद्याने मोजणी खुली होती. त्यांनी टिपलेले नकाराचे आकडे सरकारच्या जाहीर आकड्यांहून जास्त निघाले आणि ती लबाडी त्या वर्षीच्या आंदोलनांचा एक विषय झाली. दशकानुदशकं कोणी न वापरलेलं कलमसुद्धा कलम असतं.

अर्थात याचा अर्थ अशा संस्था आपोआप लोकशाहीकडे नेतात असा कोणी काढू नये. रशियात गेली पंचवीस वर्षं निवडणुका होत आहेत आणि दर निवडणुकीगणिक जागा आकसतच गेली आहे. 2020 च्या घटनादुरुस्तीने तर पुतिन यांच्या आधीच्या मुदती हिशेबातूनच वगळल्या. मलेशियात 2013 मध्ये सत्ताधारी बारिसान नॅशनल आघाडीला विरोधकांपेक्षा कमी मतं मिळूनही 222 पैकी 133 जागा मिळाल्या, आणि पाच वर्षांनी त्याच नियमांखाली ती आघाडी साठ वर्षांत प्रथमच हरली. फरक कुठे पडला? मलेशियात पक्ष आतून फुटला, माजी पंतप्रधान महाथीर स्वतः विरोधकांचे नेते झाले. रशियात फुटून जाण्याजोगं कोणी उरलंच नव्हतं. संस्थेचा खरेपणा वरच्या माणसांतल्या भांडणावाचून क्वचितच कामी येतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मतदारसंघांच्या सीमा सोयीने आखणं, सरकारी पैशाने प्रचार, न्यायाधीशांच्या नेमणुकीत ढवळाढवळ हे प्रस्थापित लोकशाहीतही चालतं. मग रेषा आखायची कुठे? मराठी वाचकाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. 1975 ची आणीबाणी राज्यघटनेच्या 352 व्या कलमानेच लागू झाली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी 39 वी दुरुस्ती आणि लोकसभेची मुदत सहा वर्षांची करणारी 42 वी दुरुस्ती संसदेने रीतसर मंजूर केली, आणि जीविताचा हक्कही स्थगित होऊ शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने मान्य केलं. त्या काळात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत विचारस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. ज्यांच्याविरुद्ध त्या बोलत होत्या त्या सरकारची एकूण एक कृती कायद्याच्या पुस्तकात बसत होती. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत नेमका हाच इशारा दिला होता: राज्यघटनेचं रूप जसंच्या तसं ठेवून, फक्त कारभाराची रीत बदलून तिचा आत्मा मारता येतो. रेषा आखायची ती कायदेशीरपणावर नाहीच. सत्तेवरचा माणूस हरू शकतो का, आणि हरला तर जातो का, या दोन प्रश्नांवर ती आखावी लागते. 1977 च्या मार्चमध्ये भारतात दोन्हींचं उत्तर 'हो' आलं. ते येण्याआधीचे एकवीस महिने त्यामुळे लोकशाही ठरत नाहीत, हेही तितकंच खरं.

आज हा विषय ऐरणीवर येण्याचं कारण म्हणजे लोकशाही मोडण्याची रीत बदलली आहे. नॅन्सी बर्मिओ यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की उघड लष्करी उठाव आणि मतदानाच्या दिवशीची ढळढळीत चोरी कमी होत चालली आहे, आणि निवडून आलेल्या सरकारने नियम हळूहळू आपल्याकडे झुकवण्याचं प्रमाण वाढलं आहे. हंगेरीत 2010 मध्ये फिडेस पक्षाला सुमारे 53 टक्के मतं मिळाली आणि जुन्या निवडणूक कायद्याच्या कृपेने दोन-तृतीयांश जागा. त्या बहुमतावर नवी राज्यघटना आली, न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून 62 वर आलं (युरोपीय न्यायालयाने नंतर ते बेकायदा ठरवलं, पण तोवर खुर्च्या भरल्या गेल्या होत्या), संसद 386 वरून 199 जागांची झाली, आणि 2014 मध्ये 45 टक्के मतांवर पुन्हा दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. आपल्या शेजारी बांगलादेशात 2011 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने काळजीवाहू सरकारखाली निवडणूक घेण्याची पद्धत रद्द झाली, तीही न्यायालयाच्या निकालाचा हवाला देऊन. 2014 मध्ये 300 पैकी 153 जागा बिनविरोध गेल्या. दहा वर्षांनी, 5 ऑगस्ट 2024 रोजी, शेख हसीनांना देश सोडावा लागला तो मतपेटीमुळे नव्हे, रस्त्यामुळे. खरेपणाचं माप फार खाली नेलं की हरण्याचा सभ्य मार्गही बंद होतो, राज्यकर्त्यालासुद्धा.

आजच्या भारताचं काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. स्वीडनमधल्या 'व्ही-डेम' संस्थेने 2021 मध्ये भारताला निवडणुकीय एकाधिकारशाहीच्या वर्गात टाकलं, भारत सरकारने ते मूल्यमापन साफ फेटाळलं, आणि 2024 च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचं स्वबळावरचं बहुमत गेलं. या ग्रंथातल्या लेखकांत यावर एकमत नाही आणि ते घडवून आणण्याचा प्रयत्नही केलेला नाही. निर्देशांकांच्या क्रमवारीपेक्षा प्रत्येक संस्था प्रत्यक्षात काय काम करते हे विचारणं जास्त फलदायी, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे: निवडणूक आयोग कोण नेमतं, सत्ताधाऱ्याविरुद्धचा खटला किती काळ रेंगाळतो, विरोधी पक्षाला देणगी देणाऱ्या उद्योजकाला दुसऱ्या दिवशी काय सोसावं लागतं.

म्हणून या पुस्तकाची मांडणी देशवार न करता संस्थावार केली आहे. मराठीत हुकूमशहांची चरित्रं पुष्कळ आहेत आणि ती आवडीने वाचली जातात. त्यांत माणूस मोठा होतो आणि यंत्रणा दिसेनाशी होते. इथे उलट केलं आहे. एकाच संस्थेचा, समजा दुय्यम सभागृहाचा किंवा मतदारयादीचा, चार देशांतला वापर शेजारी शेजारी ठेवला की सवयीने नजरेआड झालेले तपशील उठून दिसतात. राजेशाह्या जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत, कारण कुवेत किंवा मोरोक्कोमध्ये राजा निवडणुकीला उभाच नसतो आणि त्यामुळे हरण्याचा प्रश्न वेगळा होतो. इराणसारखी मिश्र व्यवस्थाही एका स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. आकडेवारीवर बेतलेले अभ्यास सोप्या भाषेत आणताना त्यांची गणितं गाळली असली तरी त्यांच्या मर्यादा गाळलेल्या नाहीत. प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. न्यायालयांवरचा विभाग मात्र पक्ष आणि निवडणुका यांच्यानंतर वाचावा, कारण न्यायाधीश कोणत्या दिवशी धीट होतात याचं कोडं सत्ताधारी पक्षात त्या सुमाराला काय चाललं होतं हे कळल्याशिवाय सुटत नाही.